टेलरमास्तरांच्या डोळ्यातला डाग

१. लाल रेघ

आठ वर्षं जागचा न हललेला डाग चार महिन्यांत एक तृतीयांशाने वाढला होता.

कागदावर तसं स्पष्ट छापलं होतं. सॉफ्टवेअरने डागाची मागच्या वेळची कड हिरव्या रेघेने दाखवली होती, कालची लाल रेघेने. आणि लाल रेघ हिरवीतून चांगलीच बाहेर सरकली होती. खाली डॉक्टरबाईंच्या अक्षरात दोन ओळी होत्या : मोठ्या रुग्णालयात पाठवणे, गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया. जुने सगळे फोटो सोबत द्यावेत.

फोटोताईंनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता. आज मंगळवार.

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात त्यांना सगळे फोटोताईच म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी डोळ्यांचे फोटो काढले. बटण दाबण्याआधी दर वेळी मनातल्या मनात म्हणायच्या, ‘देवा, घडवलंयस तू, मला नुसतं नीट दिसू दे.’ मग वर्षापूर्वी नवं यंत्र आलं, आपणच फोटो काढणारं आणि आपणच मोजणारं, आणि ताईंची रवानगी जुन्या नोंदींच्या खोलीत झाली. त्यांनी कुरकुर केली नाही. खोलीला मोठी खिडकी होती, आणि काम करता करता देवाचं गाणं गुणगुणलं तर कुणी ‘शू’ करणारं नव्हतं.

पण हा डोळा त्यांच्या ओळखीचा होता. टेलरमास्तरांचा उजवा. घारा, मधाच्या रंगाचा, आणि त्या घाऱ्या बुबुळावर, मधल्या काळ्या बाहुलीच्या खालच्या अंगाला, तपकिरी डाग. असे डाग बहुतेक वेळा जन्मभर गुमान पडून राहतात. पण एखादा वाढू लागला तर तो कर्करोग असू शकतो, म्हणून दर चार-सहा महिन्यांनी फोटो काढून आधीच्या फोटोशी ताडून बघायचं. मास्तरांचा डाग इतका शहाणा होता की ताई त्याला गमतीने ‘आपला पहिल्या बाकावरचा विद्यार्थी’ म्हणत.

दार वाजलं. मास्तर आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी, वहिनी. दोघांनी रात्रभर डोळा मिटलेला दिसत नव्हता.

“ताई, फाइल न्यायला आलोय,” मास्तर म्हणाले. “इथं दिवा नाही लावत का?”

सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं.

“लावलाय की, मास्तर.”

“मग बल्ब बदलायला सांगा.” ते खुर्चीत बसले आणि भुवईच्या वर दोन बोटं दाबून धरली. ताईंनी पुढे केलेला पावतीचा कागद त्यांनी उचलला, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली ओळ घडाघड वाचली, “‘मूळ नोंदी गहाळ झाल्यास जबाबदारी रुग्णाची.’ बघा, इथंही धमकी,” आणि सही ठोकली. मग त्यांची नजर ताईंच्या बाहीवर गेली. मनगटापासून वर पसरलेला निळ्या शाईचा लांबट डाग तिथे वर्षभर मुक्कामाला होता.

“तो कोट अजून तसाच? किती वेळा सांगितलं, द्या माझ्याकडे, बाही नवी लावतो. डोळेतपासणीच्या दवाखान्यात असा डाग मिरवायचा म्हणजे...” ते थांबले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. “गुरुवारनंतर मात्र नाही सांगता येत. डाग कापताना बुबुळाचा तुकडा जातो म्हणे. बाहुली गोल राहत नाही, उजेड सोसत नाही. ताई, मी टाका उजव्या डोळ्याने बघतो हो.”

वहिनींनी मान दुसरीकडे वळवली.

 ताईंचं लक्ष कागदावरच्या दोन आकड्यांवर अडकलं होतं. डागाची लांबी चांगलीच वाढली होती. रुंदी मात्र होती तेवढीच; उलट केसभर कमी.

वाढणारी गोष्ट लांबते, तशी सुटतेही. मग हा डाग एकाच अंगाने का वाढला?

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “फाइल उद्या नेली तर चालेल?”

२. क्लिकराव

यंत्र चालवणाऱ्याला सगळे क्लिकराव म्हणत. दोन मुलींचा बाप, कामाला चोख, आणि यंत्राबद्दल कुणी वावगं बोललं तर आपल्याच लेकराला नावं ठेवल्यासारखा लाल होणारा.

“ताई, चौकशी आहे का ही?”

“छे रे. म्हातारीला उगाच शंका येतात. सोमवारी यंत्र हलवलं होतंस?”

“हलवलं होतं,” तो म्हणाला, आणि ताईंची आशा जागी झाली. “फरशी पुसायला. हनुवटी टेकवायची पट्टीही नवी लावली. पण त्याने काही होत नाही. जवळून काढा, लांबून काढा, सॉफ्टवेअर आधी बुबुळाची बाहेरची गोल कड शोधतं आणि तीच मोजपट्टी धरतं. माणसाचं बुबुळ काही महिन्या-महिन्याला मोठं होत नाही.”

“दाखव.”

त्याने ताईंनाच यंत्रापुढे बसवलं. एकदा पट्टी पुढे, एकदा मागे. दोन्ही वेळा ताईंच्या बुबुळावरचा लहानसा ठिपका तेवढाच भरला. क्लिकरावाच्या चेहऱ्यावर ‘झालं समाधान?’ असे भाव आले. झालं होतं, आणि तेच वाईट होतं.

“फोटो दुसऱ्या कुणाचा तर लागला नाही ना?”

“डागाच्या शेजारची ती हुकासारखी वाकडी रेघ बघा. मास्तरांशिवाय कुणाला आहे?”

खरंच होतं. ती रेघ ताईंनी आठ वर्षं पाहिली होती.

“बरं, पूर्ण डोळ्याचा फोटो काढ. मला नुसती ही चौकट नको.”

क्लिकराव चुळबुळला. “पूर्ण फोटो नाही.”

“नाही म्हणजे?”

“डॉक्टरबाईंना अहवाल एका पानात हवा असतो, आणि डाग मोठा दिसायला हवा. म्हणून यंत्र बुबुळाच्या कडेपासून मोजून डागाभोवतीची चौकट तेवढी ठेवतं. बाकीचा फोटो संध्याकाळी पुसला जातो. नाहीतर जागा भरते.”

म्हणजे ज्या फोटोवरून एका माणसाचा डोळा कापायचा ठरला, तो फोटोच नाहीसा झाला होता. कुणी चोरला नव्हता. दवाखान्याने स्वतःच्या हाताने, नेमाने, दर संध्याकाळी पाच वाजता, पुसून टाकला होता.

ताई उठल्या. दारापाशी पोचल्यावर क्लिकरावाने मागून, आठवलं म्हणून सांगितलं, “तसे सोमवारी मास्तरांनी मला घाम फोडला. फोटोनंतर बाहुली फुलवायचं औषध घातलं, डॉक्टरबाईंना आतलं बघायचं होतं. अर्धा तास झाला तरी बाहुली ढिम्म. परत घातलं. तरी जेमतेम. शेवटी बाई म्हणाल्या राहू दे, आतलं मोठ्या रुग्णालयात बघतील.”

“असं होतं कधी?”

“वय झालं की हट्टी होतात बाहुल्या,” क्लिकराव म्हणाला. “माणसांसारख्याच.”

३. डॉक्टरबाई

डॉक्टरबाई दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत उभ्या उभ्या चहा पीत होत्या. ताईंना त्या मान देत, पण आज त्यांच्या आवाजात कडकपणा होता. वाईट बातमी सांगून आलेल्या माणसाचा असतो तो.

“ताई, यंत्र चुकत नाही.”

“यंत्र चुकलं असं मी कुठं म्हणते? त्याला काय दाखवलं गेलं, एवढंच विचारते.”

“रुंदी वाढली नाही म्हणताय. मान्य. पण गाठ एकाच दिशेने पसरू शकते, मी पाहिलंय. मी स्वतः दिव्याखाली तपासलं. डाग लांबलाय.”

“बाहुली केवढी होती तेव्हा?”

“दिव्याच्या झोतात सगळ्यांचीच बारीक होते. त्याकडे कोण बघतं?” त्यांनी कप खाली ठेवला. “ताई, समजा मी थांबले आणि तो खरंच कर्करोग निघाला. मग? मास्तरांच्या बायकोला तोंड कोण दाखवणार, तुम्ही की मी?”

हा प्रश्न खोटा नव्हता. ताईंना तो लागला. आपल्या हातातून काम गेलं म्हणून आपल्याला यंत्राची चूक हवीय का? नव्या सुनेच्या स्वयंपाकात खडा शोधणारी सासू तर नाही ना झालो आपण? त्यांनी स्वतःला हे खरोखर विचारलं.

“उद्या दुपारपर्यंत सांगते,” त्या म्हणाल्या. “काही सापडलं नाही तर फाइल मी स्वतः नेऊन देईन.”

“उद्या बारा वाजेपर्यंत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बारानंतर मी त्यांना फोन करून शस्त्रक्रिया पक्की करणार.”

४. वहिनी

वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मास्तर मोठ्या रुग्णालयाचे कागद भरायला खिडकीवर उभे होते. ताई शेजारी जाऊन बसल्या. काही न विचारताच वहिनी बोलू लागल्या. मनात साचलेलं माणूस शेजारी बसलं की वाहतंच.

“माझीच नजर लागली असेल ताई. इतकं चांगलं चाललं होतं. गेली दोन वर्षं दिवसातून दहा वेळा सुई घेऊन यायचे, ‘जरा ओवून दे, हात गुंतलेत.’ हात कसले गुंतलेत, दिसत नव्हतं. पण कबूल करतील तर शपथ. यांच्या वडिलांनी ऐंशीव्या वर्षी चष्म्याशिवाय काजं केली, त्यामुळे यांच्या घरात चष्मा म्हणजे खानदानाची बेअब्रू. धाकटा दीर चष्मा लावतो, तर त्याला ‘मास्तर’ म्हणत नाहीत, ‘प्रोफेसर’ म्हणतात.”

ताईंना हसू आलं.

“आणि मग?”

“मग दोन-अडीच महिन्यांपूर्वी एकाएकी सुई यायची थांबली. स्वतःच ओवायला लागले, पहिल्या झटक्यात. वर मला ऐकवायचे, ‘बघ, घारे डोळे आहेत, म्हातारे होत नाहीत.’ मी देवापुढे दिवा लावला. म्हटलं, नजर परत दिलीस. तर हे.” त्यांनी रुमालाने नाक पुसलं. “आता वाटतं, तो सगळा त्या डागाचाच खेळ असणार. संध्याकाळ झाली की स्टुलाला अडखळतात, सकाळी डोकं धरून बसतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

खिडकीपाशी मास्तर कागद भरत होते. ‘सध्या कुठलं औषध चालू आहे?’ या रकान्यापुढे त्यांनी ठळक अक्षरात ‘नाही’ लिहिलं. त्यांनी चष्मा लावलेला नव्हता. वय चौपन्न.

ताईंच्या मनात काहीतरी हललं, पण हातात आलं नाही.

५. बाही

दुपारी जेवणाआधी ताई हात धुवायला गेल्या. रोजची सवय : आधी डावी बाही कोपराकडे सरकवायची, मग नळ सोडायचा. बाही वर सरली, कापडाच्या घड्या एकीवर एक बसल्या, आणि शाईचा डाग घड्यांत शिरून शेंगदाण्याएवढा झाला. हात धुतले. बाही खाली ओढली. डाग पुन्हा बोटभर लांब.

त्यांनी बाही पुन्हा वर केली. खाली केली. वर. खाली.

लांबी बदलत होती. रुंदी तीच.

नळ तसाच वाहत राहिला. मागे उभी असलेली सफाईवाली म्हणाली, “ताई, पाणी चाललंय.” ताईंनी नळ बंद केला आणि वयाला न शोभेल अशा चालीने नोंदींच्या खोलीकडे सुटल्या.

बुबुळ म्हणजे तरी काय, बाहुलीभोवतीचं कापडच. बाहुली मोठी झाली की ते कापड कडेला गोळा होतं, घड्या पडतात. बाहुली आकसली की कापड मधोमध ताणलं जातं. आणि त्या कापडावर डाग असेल तर?

त्यांनी चार महिन्यांपूर्वीच्या फोटोची चौकट काढली. वरच्या कोपऱ्यात, डागाच्या टोकापाशी, नखाएवढी काळी कड होती. बाहुलीची कड. सोमवारची चौकट शेजारी ठेवली. दोन्ही चौकटी बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर कापलेल्या. पण नव्या चौकटीत काळं काहीच नव्हतं. वरपर्यंत नुसता मधाचा रंग.

बाहुली चौकटीतून निघून गेली होती. म्हणजे ती आकसली होती, आणि चांगलीच.

पण का? फोटोच्या खोलीतला दिवा तोच, पडदे तेच. त्याच दिवशी त्याच खोलीत ताईंच्या ओळखीच्या चार रुग्णांचे फोटो निघाले होते. त्या चारही चौकटींत काळी कड जागच्या जागी होती. म्हणजे दोष खोलीत नव्हता. मास्तर आपल्यासोबत काहीतरी घेऊन आले होते.

ताई खुर्चीत बसल्या आणि एक एक गोष्ट समोर मांडू लागल्या. भर उन्हात ज्याला खोली अंधारी वाटते. ज्याची भुवई दुखते. बाहुली फुलवायचं औषध दोनदा घालूनही ज्याची बाहुली फुलत नाही, जणू आतून कुणी ती धरून ठेवलीय. संध्याकाळी जो स्टुलाला अडखळतो. आणि ज्याला चौपन्नाव्या वर्षी एकाएकी मुंगीएवढं अक्षर वाचता येतं, सुई ओवता येते.

पाचही गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या गेल्या.

“अरे देवा,” ताई हळूच म्हणाल्या, आणि कोट न काढताच बाहेर पडल्या.

६. बाटली

मास्तरांचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. समोर दोन मशिनं, मागे कापडाच्या थप्प्या, भिंतीवर वडिलांचा फोटो, अर्थात चष्म्याशिवाय. मास्तर कोटाच्या कॉलरला हाताने टाके घालत होते. जणू गुरुवारच्या आत हाताखालचं सगळं संपवायचं होतं. वहिनी बटणं लावत होत्या. स्टुलावर वहिनींचा धाकटा भाऊ बसला होता. औषधांच्या दुकानात कामाला असणारा, बोलका, सगळ्यांना सगळ्यावर उपाय सांगणारा.

“मास्तर,” ताई दारातूनच म्हणाल्या, “सकाळी उठल्यावर डोळ्यात काय घालता?”

 मास्तरांनी कॉलरकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे.

“काही नाही,” मास्तर म्हणाले.

“अहो,” वहिनी सावकाश म्हणाल्या, “काय घालता?”

मास्तरांनी मशिनीचा खण उघडला, बॉबिनच्या डब्यामागे हात घातला आणि बोटाएवढी बाटली काढून कापायच्या टेबलावर ठेवली.

“हे औषध नाही,” ते पुटपुटले. “औषध आजाराला असतं. मला आजार नव्हता, नुसतं वय झालं होतं. फॉर्ममध्ये खोटं नाही लिहिलं मी.”

“कुणी दिलं?”

सगळ्यांची डोकी स्टुलाकडे वळली.

“भावोजींनीच मागितलं,” मेहुणा म्हणाला. “एक थेंब, आणि दिवसभर जवळचं झक्क दिसतं. मी म्हटलं, चष्म्याची कटकट नको. तायडे, अशी बघू नकोस माझ्याकडे.”

“तुझ्याकडे नंतर बघते,” वहिनी म्हणाल्या.

ताईंनी बाटलीवरचं नाव वाचलं, मान हलवली. “हे बाहुली आकसवणारं औषध आहे, मास्तर. बारीक भोकातून बघितलं की जवळचं स्पष्ट दिसतं, म्हणून सुई ओवता येते. पण भोक बारीक, म्हणून उजेड कमी शिरतो. म्हणून माझी खोली अंधारी.”

“ते कळलं. पण डाग?” मास्तरांचा आवाज बारीक झाला. “या औषधाने डाग वाढला?”

ताईंनी डावा हात पुढे केला. “तुम्हीच सांगा. तुमचा धंदा आहे.” त्यांनी बाही वर सरकवली. शाईचा डाग घड्यांत दडला. मग सावकाश खाली ओढली.

मास्तर बघत राहिले. त्यांनी टेबलावरून पुढे वाकून बाहीचं टोक चिमटीत धरलं, स्वतः वर सरकवलं, स्वतः खाली ओढलं. कापडाशी चाळीस वर्षं बोललेला माणूस तो. त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

“चुण्या सोडल्या की डाग लांबतो,” ते म्हणाले. “रुंदावत नाही. कापड तेवढंच असतं.”

“कापड तेवढंच असतं,” ताई म्हणाल्या. “आता नीट ऐका. मला वाटतं म्हणून काही खरं होत नाही. आज यापुढे एक थेंबही नाही. उद्या सकाळी तसेच या. औषध उतरलेल्या डोळ्याचा फोटो काढू. मग जे असेल ते असेल.”

“आणि डाग तेवढाच मोठा निघाला तर?” वहिनींनी विचारलं.

 रस्त्याने परतताना ताईंनी तो प्रश्न देवावर सोपवला.

७. हिरवी रेघ

बुधवारी दहा वाजता फोटोच्या खोलीत पाच माणसं जमली होती. मास्तर आले तेव्हा त्यांनी हातातली पावती वाचायचा प्रयत्न केला, हात लांब केला आणि सोडून दिला. वहिनींनी ते पाहिलं. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

“बसा, मास्तर,” क्लिकराव यंत्रापाशी सरकला, मग थांबला, आणि बाजूला झाला. “ताई, तुम्ही काढा.”

ताई बसल्या. मास्तरांची हनुवटी पट्टीवर, कपाळ टेकलेलं, घारा डोळा समोर. मधोमध बाहुली, काळीभोर आणि तिच्या नेहमीच्या मापाची. ‘देवा, घडवलंयस तू,’ ताई मनात म्हणाल्या, आणि बटण दाबलं.

“चौकट नको,” डॉक्टरबाई मागून म्हणाल्या. “पूर्ण डोळा दाखवा.”

पडद्यावर अख्खा डोळा आला. सॉफ्टवेअरने बुबुळाची कड शोधली, डाग शोधला, त्याभोवती लाल रेघ ओढायला घेतली. आधी चार महिन्यांपूर्वीची हिरवी रेघ उमटली. मग लाल रेघ तिच्यावरून चालायला लागली, कोपऱ्यावरून वळली, हुकासारख्या रेघेपाशी आली, पुढे गेली.

सगळीकडून हिरवीवर बसली. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. खाली आकडा आला : बदल नाही.

क्लिकरावाने आकडा मोठ्याने वाचून दाखवला. डॉक्टरबाईंनी मात्र घाई केली नाही. दिव्याचा बारीक झोत मास्तरांच्या डोळ्यात टाकला. बाहुली उजेडाने आकसली, आणि पडद्यावर सगळ्यांच्या देखत डाग खालून वर लांब झाला. झोत काढला, बाहुली फुलली, डाग आपल्या जागी परतला. मग त्यांनी ठेवणीतले ताईंनी काढलेले आधीच्या सात वर्षांचे पूर्ण फोटो एकेक करून ताडून बघितले. पंधरा मिनिटं लागली. त्या पंधरा मिनिटांत वहिनींनी रुमालाची पार सुरळी केली.

“शस्त्रक्रिया नाही,” शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या. “डाग होता तसा आहे. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो, आणि कुठलीही बाटली उघडण्याआधी मला दाखवायची.” त्या वहिनींकडे वळल्या. “दोन रात्री तुमच्या वाया घालवल्या. चौकट मीच मागितली होती.”

“बाहुलीचं माप जुळत नाही, अशी सूचना सॉफ्टवेअर द्यायचं,” क्लिकराव खाली मान घालून म्हणाला. “रोज पन्नास वेळा टुंई टुंई करायचं. बाई वैतागल्या म्हणून मी ती बंद केली.”

“चालू कर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि फोटो पुसायचं बंद.”

“यंत्राने मात्र जे दाखवलं तेच मोजलं,” ताई म्हणाल्या. त्यांना ते सांगावंसं वाटलं. क्लिकरावाचा चेहरा पाहून. “त्याच्याकडे बोट नको.”

वहिनी रडत नव्हत्या. त्या मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चला आता, प्रोफेसर. चष्म्याच्या दुकानात.”

मास्तर इतके मोठ्याने हसले की बाहेर बाकावर बसलेले लोक आत डोकावले.

शनिवारी दुपारी ते नोंदींच्या खोलीत आले. नाकावर काळ्या काड्यांचा चष्मा, हातात मोजपट्टी. येताना दाराशी एकदा अडखळले, पण ते नव्या भिंगांमुळे.

“मेहुणा कसा आहे?” ताईंनी विचारलं.

“जिवंत आहे. बहिणीने कान उपटला, मग जेवायला वाढलं.” ते खुर्चीत बसले. “किती उजेड आहे हो तुमच्या खोलीत. उतरवा कोट, बाही लावतो. आज सबब नको.”

ताईंनी कोट काढून दिला, पण बाहीवर हात ठेवला. “हा डाग राहू दे, मास्तर. उसवलेलं काज तेवढं करून द्या. डाग राहू दे.”

मास्तरांनी एकदा डागाकडे पाहिलं, एकदा ताईंकडे.  खिशातून सुई काढली, दोरा काढला, टोक ओलं करून चिमटीत धरलं आणि चष्म्यातून नेम धरला. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदाही.

“भिंगं चांगली नाहीत की काय?” ताईंनी विचारलं.

“भिंगं चांगली आहेत,” मास्तर म्हणाले, चष्मा काढून स्वतःच्या बाहीने डोळे पुसले, चष्मा पुन्हा लावला, आणि तिसऱ्या वेळी दोरा सुईतून आरपार गेला.